तुओवीच्या पायाचे सव्वीस कागद

कोइवुलाहती
रविवार, ११ जानेवारी १९८७

प्रिय तुओवी,

तीस वर्षं या गावाची पत्रं घरोघरी पोचवलीस आणि स्वतः एक पत्र लिहायचं म्हटलं की तुझ्या हाताला मुंग्या येतात. तुर्कूला जाऊन तुला दोन आठवडे झाले. त्यात आलं काय, तर किल्ल्याचं चित्र असलेलं एक कार्ड, त्यावर ‘पोचले, इथे पाऊस आहे’. फोनचं निमित्त सांगू नकोस. तुझ्या बहिणीचा फोन मधल्या खोलीत आहे आणि एइला कान टवकारून बसते, हे मला ठाऊक आहे. शिवाय फोनवर आपण दोघीही गप्पच असतो.

इथे आठवडाभर पारा उणे तीसच्या वर यायला तयार नाही. आज सकाळी तरीही पळायला गेले, गिरणीच्या वळणापर्यंत. पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. एकटीने पळताना सगळ्यात वाईट काय असतं सांगू? आवाज. इतके हिवाळे बर्फावर आपल्या दोघींच्या बुटांखालच्या खिळ्यांची करकर ऐकली, आता एकीचीच ऐकू येते. दोनदा मागे वळून पाहिलं आणि स्वतःवरच चिडले, कारण तू मागे कधी नसायचीसच. तू कायम अर्धं पाऊल पुढे. दर मार्चच्या तळ्यावरच्या शर्यतीचे, आपल्या फेरीचे फोटो काढून बघ. एकवीस फेऱ्यांचे एकवीस फोटो, आणि प्रत्येकात तुझं नाक माझ्या आधी दोरीपाशी पोचलेलं आहे.

माझा ओइवा गेला त्याला आज नऊ आठवडे झाले. त्याचं बुटांचं दुकान मार्चअखेर रिकामं करून द्यायचंय, कायानीचा एक किल्ल्या बनवणारा घेतोय. शाळेच्या स्वयंपाकघरातून सुटले की मी रोज तिथे जाऊन आवराआवर करते. लाकडी साचे, गोंदाचे डबे, ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूब, जुन्या मोटारींच्या हिवाळी टायरांतून उपटलेले डबाभर खिळे. दरवर्षी सहा जानेवारीला तो माझे झिजलेले खिळे काढून नवे बसवायचा. यंदा ते तसेच आहेत.

गल्ल्याखाली एक नवा जोड सापडला. बुटावर ओढून चढवायचे ते रबरी पट्टे, खाली खिळे ठोकलेले, अगदी कोरे. चिठ्ठी नाही, नाव नाही. एका पायाला अठरा खिळे. माझ्या पट्ट्यांना इतकी वर्षं चौदाच असायचे. मग हे कुणाचे?

आणखी एक, सहज विचारते. तू ओइवाकडे पायाचं माप कधी दिलं होतंस का? कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने आखतात, तसं?

फेरी आठ मार्चला आहे. नावं फेब्रुवारीअखेर द्यायची. जोडीदार नसेल तर छातीवर लावायचा आकडा मिळत नाही, हे तुला सांगायला नको. बर्फ फुटला तर ओढायला दुसरं कुणी हवं. तू येणार ना?

तुझी,
राइली


तुर्कू
१८ जानेवारी

प्रिय राइली,

मुंग्या हाताला नाहीत, हातात सदा एइलाचं काहीतरी असतं. तिचा खुबा सांधतोय, जीभ मात्र पहिल्यापासूनच धडधाकट आहे. चहा गार आहे, उशी टणक आहे, मी पावलं आपटत चालते. पहिल्याच दिवशी मी पट्टे काढायला विसरून दारातून दोन पावलं आत आले आणि तिच्या लाकडी जमिनीला चार भोकं पडली. आता येणाऱ्याजाणाऱ्याला ती भोकं दाखवली जातात.

इथला हिवाळा म्हणजे नुसती फसवणूक. रात्री पाऊस पडतो, पहाटे गोठतो आणि पालिकेने टाकलेली खडी बर्फाखाली दिसत राहते, पायाला लागत नाही. लोक बुटांवर काही चढवत नाहीत. पडतात, उठतात, आजूबाजूला कुणी पाहिलं का ते बघतात आणि पुढे जातात. मी नदीकाठाने पळते. शेजारीण म्हणाली, जिन्यात घोडा आल्यासारखं वाटतं.

मापाचं म्हणशील, तर कधीतरी एकदा दिलं असेल, टपालाच्या बुटांसाठी. आता आठवत नाही.

त्या नव्या पट्ट्यांबद्दल एक ऐक. ते घालू नकोस. मी येईपर्यंत तसेच ठेव. ते एकदम तळ्यावर घालून जायचे नाहीत. मला येऊन बघू दे.

सहा मार्चच्या गाडीने येते. माझं नाव दे.

तुओवी

ता. क. एकटी गिरणीच्या पुढे जाऊ नकोस. तिथे ओढ्याचं पाणी तळ्यात येतं आणि बर्फ पातळ असतो.


कोइवुलाहती
२५ जानेवारी

तुओवी,

‘कधीतरी एकदा.’

सव्वीस वेळा, बाई. सव्वीस. मी टेबलावर मांडून मोजले. गोंदाच्या डब्यांमागे एक चपटी पेटी होती, तिच्यात. सव्वीस कागद, प्रत्येकावर तुझा पाय, अंगठ्याशेजारचं ते वाकडं बोट सुद्धा. पहिला ऑक्टोबर १९६५ चा, शेवटचा ४ नोव्हेंबर १९८६ चा. नऊ नोव्हेंबरला माझा नवरा गेला. म्हणजे जायच्या आधी पाच दिवस तो गुडघ्यांवर बसून तुझा पाय आखत होता.

आणि सगळ्या तारखा मंगळवारच्या. मी कॅलेंडरं काढून पाहिली. मंगळवारी शाळेत वाटाण्याचं सूप असतं, मला तीन वाजेपर्यंत हलता येत नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे.

माझं पत्र तू वाचलंस आणि शांतपणे खोटं लिहिलंस. मी ते पत्र मुद्दाम साळसूदपणे लिहिलं होतं, तू खरं सांगतेस का बघायला. आता त्याचीही लाज वाटते.

कागदांवर काय लिहिलंय, वाचून दाखवू? त्याचंच अक्षर आहे. ‘तुओवी. डावी टाच घसरते. मागे दोन वाढवले.’ ‘तुओवी. उजवा गुडघा दुखतो म्हणाली. आठवडाभर थांबू.’ ‘तुओवी हसली. चांगलं झालं.’ तुओवी हसली! सत्तावीस वर्षांच्या संसारात मी हसले की रडले ते त्याने कशावर लिहून ठेवलं? माझा गुडघा अठ्ठ्याहत्तर सालापासून दुखतोय. मी रोज सांगायचे, तो रोज ‘हं’ म्हणायचा. तुझ्या गुडघ्यासाठी मात्र आठवडाभर थांबायचं.

माझे कागद किती आहेत विचार. एक. लग्नाच्या आदल्या वर्षीचा, पिवळा पडलेला, कोपऱ्यात कॉफीचा डाग. पुढे आखून घ्यावा असं माझ्या पायात त्याला काही दिसलं नसावं.

आणि आता मला ते चर्चमधलं नव्याने समजतंय. शवपेटीपाशी फुलं ठेवायला मी निघाले होते. मी. त्याची बायको. आणि तू माझ्या पुढे गेलीस, अर्धं पाऊल नाही, चांगली तीन पावलं, आणि सगळ्या गावासमोर त्याच्या पेटीपुढे धाडकन गुडघ्यांवर पडलीस. कुणीतरी मागून म्हणालं, ‘अरेरे, तुओवीला किती लागलं मनाला.’ मी ताठ उभी होते. विहिरीच्या वाटेवर पडून ते मूल गमावलं, त्यानंतर बावीस वर्षांत मी एकदाही पडले नाही. त्या दिवशी मात्र पडावंसं वाटलं. पण ती जागा तू आधीच घेतलेली होतीस. लोक तुला उचलायला धावले. मी माझी फुलं स्वतः ठेवली.

महिना उलटतो न उलटतो तोच तू गाव सोडलंस. बहिणीचा खुबा अगदी वेळेवर मोडला.

आणि ते पट्टे ‘मी येईपर्यंत घालू नकोस’! तुझेच आहेत ना? सरळ माग की.

मला एकच हवंय, तुओवी. तो माझा होता की नव्हता, एवढं सांग. बाकी काही लिहू नकोस. दूधसंघातली हेल्वी मला विचारत होती, फेरीला जोडीदार आहे का म्हणून. तिच्याकडे दुकानातून आणलेले स्वीडिश बूट आहेत, खिळे कारखान्यातच बसवलेले. कुणाचं माप द्यावं लागत नाही.

राइली


तुर्कू
१ फेब्रुवारी

राइली,

तो तुझा होता.

तू बाकी काही लिहू नकोस म्हणालीस, पण चर्चचं लिहितेच, कारण ते मला रोज आठवतं. मी गुडघ्यांवर बसले नाही. मी घसरले. माझ्या काळ्या बुटांच्या तळात खिळे ठोकलेले होते. एरवी आपण चर्चच्या दारात वाकतो, टाचेवरचा पट्टा खेचतो, पट्टे खिशात टाकतो आणि आत जातो. त्या दिवशीही मी वाकले, हात सवयीने टाचेकडे गेला, पट्टा हाताला लागला नाही. वाटलं, काढलेत. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. बर्फात रुतणारं लोखंड दगडी फरशीवर कसं पळतं ते तुला ठाऊक आहे. मी तुझ्या पुढे गेले नाही. माझे पाय गेले.

लोक काय म्हणाले ते मीही ऐकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुझ्याकडे बघायचीही हिंमत झाली नाही.

कागदांबद्दल मी आता खोटं बोलत नाही. सव्वीस असतील. का, ते सांगता येत नाही. मी शब्द दिला होता, आणि ज्याला दिला तो आता मला मोकळं करायला नाही.

हेल्वी म्हणजे ती पेन्टिनेनची धाकटी ना? सव्वीस वर्षांची? ती पहिल्या दोन किलोमीटरांत तुला मागे टाकेल आणि वळून बघणार नाही. मग बर्फ फुटला तर तुला ओढणार कोण? पळ तिच्याबरोबर. मला काय.

तुओवी


कोइवुलाहती
८ फेब्रुवारी

तुओवी,

हेल्वीचं नाव दिलं. आम्हाला सतरा नंबर मिळालाय.

तुझा शब्द तुझ्याजवळ ठेव. माझ्या नवऱ्याचं आणि तुझं असं काहीतरी आहे की जे मला सांगता येत नाही, एवढं तू स्वतःच लिहून दिलंस. याहून जास्त मला काय हवं होतं?

सहा तारखेची गाडी पकडू नकोस. पाहुण्यांच्या खोलीत मी साचे ठेवलेत. सव्वीस कागद या शनिवारी साउनाची न्हाणी तापवताना तिच्या चुलीत घालणार आहे.

राइली


तुर्कू
१० फेब्रुवारी

राइली,

जाळू नकोस. हे पत्र तातडीच्या टपालाने टाकतेय, शनिवारच्या आत पोचेल. तीस वर्षं त्या खात्यात घालवली, एवढं तरी मला कळतं. शब्द मोडते. ओइवाला राग आला तर येऊ दे, त्याचा हिशेब मी वर गेल्यावर त्याच्याशी करीन.

चौसष्टच्या फेब्रुवारीत तू विहिरीच्या वाटेवर पडलीस. सातवा महिना होता. त्याबद्दल आपण तिघांनी पुन्हा कधी शब्द काढला नाही, म्हणून तुला एक गोष्ट कधी कळलीच नाही. त्या दिवशी तुझ्या पायात त्याने शिवलेले नवे बूट होते. नाताळात दिलेले. गुळगुळीत चामड्याचा तळ, तू सगळ्यांना दाखवत होतीस. ते बूट त्याने नंतर तळ्याच्या बर्फातल्या भोकातून खाली सोडले. मी पाहिलं, मी टपाल घेऊन त्या वाटेने येत होते. तो मला म्हणाला, ‘बूट मी बनवले, तुओवी. मी.’ एवढंच.

पुढचा हिवाळा तू उंबरा ओलांडला नाहीस. शाळेतून हिवाळाभर रजा घेतलीस. अंगणात जायचं तरी भिंतीला धरून. तेव्हा तो टायरांचे खिळे उपटायला लागला. पासष्टच्या ऑक्टोबरमध्ये त्याने मला दुकानात बोलावलं आणि विचारलं, तुझ्या पायाचं माप काय. अडतीस, म्हटलं. तुझंही अडतीस. माझी निवड झाली ती यावरून.

तुझ्या पायाखाली काहीही घालण्याआधी तो ते माझ्या पायाखाली घालून बघायचा. मंगळवारी तू शाळेत असायचीस, म्हणून मंगळवार. मी टपालाची पिशवी दुकानात ठेवायचे आणि दुकानामागे तळ्यावर जाऊन पळायचे, वळायचे, एकदम थांबायचे. तो काठावर पेन्सिल घेऊन उभा. मी पडले की लिहायचा, कुठल्या बाजूला पडले. खिळे फार लांब झाले की पाय लटपटतो, चवड्याखाली कमी पडले की चढावर मागे येतो, ते सगळं माझ्या ढुंगणाने शिकलंय. चौऱ्याहत्तर साली माझं मनगट मोडलं ना? मी सांगितलं, टपाल वाटताना पडले. उणे अठ्ठावीसला त्याचं रबर कडक झालं आणि पट्टा बाजूला सरकला. पुढच्या आठवड्यात त्याने तुझ्या पट्ट्यांना मऊ ट्यूब लावली. साउनात माझी पाठ घासताना तू माझ्या मांडीवरचे निळे डाग बघून विचारायचीस, आणि मी सायकलवर ढकलायचे. ती सायकल बिचारी इतकी वाईट नव्हती.

तुला कळलं असतं तर तू मला पडू दिलं नसतंस, आणि मग स्वतः पट्टे घातले नसतेस. म्हणून शब्द. आणि तुला पळायला मी बाहेर काढलं तेही त्याच्याच सांगण्यावरून. ‘चालताना ती विचार करते,’ म्हणाला, ‘तिला पळव.’

मी अर्धं पाऊल पुढे का असायचे, ते आता तुझं तूच समज.

आता जे तुला ऐकायचं होतं ते. हो, मला तो आवडायचा. तू विचारायच्या आधी मीच लिहिते. सव्वीस मंगळवार तो माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला, माझा पाय हातात घेतला, आणि एकदाही मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच्यासाठी मी एक पाय होते. तोही तुझ्या मापाचा. तुझा जळफळाट झाला म्हणतेस? मी बावीस हिवाळे जळलेय, राइली. दर मार्चमध्ये तू दोरीपाशी न पडता पोचायचीस, तो तुझ्याकडे बघायचा, आणि माझं अंग ठणकत असायचं. ‘तुओवी हसली’ असं लिहिलंय ना? मी पडून हसले होते. रडायला आलं होतं म्हणून.

माझ्या त्या काळ्या बुटांत अठरा खिळे त्याने चार नोव्हेंबरला ठोकले. तुझं वय झालं, चौदा आता पुरणार नाहीत, असं त्याला वाटत होतं. बुटात ते बरे चालले. मग तो तेच पट्ट्यावर बसवणार होता. ते मी घालून बघायचे राहिले. म्हणून म्हटलं, घालू नकोस. ते तुझेच आहेत.

तुझा एकुलता एक कागद उलटून बघ.

तुओवी


कोइवुलाहती
रविवार, १ मार्च

प्रिय तुओवी,

तुझं पत्र शनिवारी दुपारी आलं. नवा टपालवाला पेटीत टाकून गेला, त्याला तुझ्यासारखी हाक मारता येत नाही. साउना तापत होता, कागद चुलीशेजारीच होते. उभ्या उभ्या वाचलं. मग बसले. साउना त्या दिवशी फुकट तापला.

कागद उलटला. लग्नाआधीच्या त्या पायाच्या मागे त्याने सगळं लिहून ठेवलंय, बारीक अक्षरात, वर्षांच्या ओळी. पासष्ट, दहा. सहासष्ट, बारा, टाचेला जास्त. असं करत चौऱ्याहत्तरनंतर चौदा, चौदा, चौदा. जागा संपली तशी अक्षरं कडेने वळवलीत. नवा कागद घेतला नाही. माझा पाय त्याला पुन्हा आखावा लागला नाही, तुओवी, इतकी वर्षं. आणि मी मूर्ख, पालथं घालून कधी पाहिलं नाही.

शेवटची ओळ आहे ‘शहाऐंशी, अठरा’ आणि पुढे प्रश्नचिन्ह.

दोन आठवडे मी तुला लिहिलं नाही, कारण मी तुझ्यावर चिडलेलीच होते. अजून आहे. तू माझ्यासाठी पडत होतीस हे ठीक, पण त्याचा तो काठावर उभा असलेला चेहरा मी कधी पाहिला नाही, तू पाहिलास, सव्वीस वेळा. तो मला हवा होता. याचा हेवा मला मरेपर्यंत वाटणार, आणि तो मी लपवणार नाही. बुटांचंही तुला आधी माहीत होतं. ते बूट मी कित्येक वर्षं शोधत होते. मला वाटायचं, त्याने कुणाला तरी देऊन टाकले.

पण ते प्रश्नचिन्ह मला झोपू देईना. म्हणून गेल्या मंगळवारी मी शाळेत सांगितलं की पोट दुखतंय, वाटाण्याचं सूप दुसऱ्या कुणीतरी ढवळावं. दुकानात गेले, ते अठराचे पट्टे बुटांवर चढवले आणि मागे तळ्यावर उतरले. वाऱ्याने बर्फ उघडा पडलाय, निळा आणि नितळ. मी पळाले, वळले, एकदम थांबले.

तुओवी, मी पडले. तेवीस वर्षांनी. उजव्या कुशीवर, कोपर आपटलं. वर नुसतं आभाळ. पहिल्यांदा काय वाटलं सांगू? काही झालं नाही. मूल नाही, रक्त नाही, कुणी मेलं नाही. नुसतं दुखतं. तुम्ही दोघांनी मिळून मला इतकी वर्षं यापासून जपलंत, आणि हे एवढंसं होतं. तिथेच पडून मी हसले. मग मला तुझा तो कागद आठवला आणि रडले.

उठून पुन्हा पळाले, पुन्हा पडले, त्याच बाजूला. चवड्याच्या बाहेरच्या कडेचे दोन खिळे जास्त आहेत, वळताना तेच आधी टेकतात आणि पाय उचकटतात. दुकानात जाऊन ते उपटले. सोळा. गुरुवारी पुन्हा गेले, नाही पडले. ओइवाच्या पेन्सिलीने प्रश्नचिन्ह खोडून सोळा लिहिलंय. जागा पुरली.

हेल्वीला सांगितलं की मी तिच्याबरोबर पळणार नाही. म्हणाली, ‘बरं झालं राइलीमावशी, तुम्ही फार हळू पळता.’ ती भावाबरोबर जातेय. मी काल मुदत संपायच्या आत आपली दोघींची नावं दिली. सतरा नंबर आपल्यालाच ठेवलाय.

पाहुण्यांच्या खोलीतले साचे हलवले. सव्वीस कागद आहेत तसे आहेत, तुझे तुला घेऊन जा, किंवा इथेच राहू देत, आल्यावर बघू. शनिवारी साउनात या वेळी तू माझी पाठ घास. उजवी कूस जरा जपून.

सोळाचे पट्टे दाराशी खुंटीला लावून ठेवलेत. ते तुझे. मी घालून बघितलेत. मी माझ्या जुन्या चौदांवर पळणार आहे, आणि या वेळी अर्धं पाऊल पुढे मी.

तुझी,
राइली